कोंढ्याहून आंधळगावला: जांभळ्या धानाची पाठवणी

शकुनचा फोन आला तेव्हा मी यंदा दिवाळीचा फराळ सरळ विकत आणावा की काय, या गहन विचारात होते. "सुले, माह्यं धान उभ्या उभ्या गळून राहिलं वं," ती म्हणाली. "तू कॉलेजात शिकवते ना. येऊन पाह्य ना एकदा."

शकुन माझी शाळेपासूनची मैत्रीण. लग्न होऊन भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला गेली. मी नागपुरातच राहिले आणि अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. शिकवणं वेगळं आणि वावरात उतरणं वेगळं, हे मी तिला सांगून पाहिलं. पण तिच्याकडे एका बांधीत जांभळ्या पानांचं जे जुनं धान आहे ते आता आसपास कोणाकडेच उरलेलं नाही, आणि ते गेलं तर गेलंच, असं ती म्हणाली. मग मी फराळाचा विषय बाजूला ठेवला आणि शनिवारी सकाळची एसटी पकडली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. नागपूर-भंडारा रस्ता उत्तम आहे, गाड्या सतत असतात, आणि बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास अंगावर येत नाही. भंडाऱ्याला उतरून पवनीकडे जाणारी गाडी घ्यायची. मधल्या वेळात स्टँडबाहेर उकडलेले शिंगाडे मिळाले तर सोडू नका. या दिवसांत तळ्यांतून ताजे येतात. मी एक पुडा रस्त्यात संपवला आणि शकुनच्या घरी न्यायला दुसरा घेतला, तोही कोंढा येईपर्यंत अर्धा झाला होता. खिडकीबाहेर दोन्हीकडे धान पिवळं पडायला लागलं होतं आणि मधूनमधून तळ्याचं पाणी चमकत होतं.

शकुनने जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे केले होते. ते पोटभर खाऊन आम्ही बांधीवर गेलो. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध, इथला धुरा, घातलेला धानाचा तुकडा. ही बांधी बोडीला, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याला, अगदी लागून. सगळीकडे हिरवं-पिवळं आणि मधेच हा एक जांभळट चौकोन. जवळ जाऊन लोंबीला हात लावला तर दाणे सरसर खाली पडले. शेजारच्या लोंबीला लावला तर एकही पडला नाही. दोन्हींची पानं सारखीच जांभळी.

"आता सांग," शकुन म्हणाली. "एक धरून ठेवते, एक टाकून देते. आहे एकच बियाणं."

जांभळं धान लावण्यामागे कारण होतं. भाताच्या वावरात रानटी धान उगवतं. रोप असताना ते आपल्या धानासारखंच हिरवं दिसतं, निंदताना ओळखू येत नाही. म्हणून शकुनच्या सासऱ्यांनी छत्तीसगडकडच्या पाहुण्यांकडून जांभळ्या पानांचं बियाणं आणलं. या बांधीचा नियम सोपा होता: हिरवं दिसलं की उपटायचं. निंदायला येणाऱ्या बायांना काही समजावून सांगावं लागत नसे. बरीच वर्षं हे उत्तम चाललं.

गडबड तिथेच झाली होती. रानटी धानाचा आणि जांभळ्या धानाचा फुलोरा एकाच सुमारास येतो, आणि कधीतरी वाऱ्याने एकाचा पराग दुसऱ्यावर गेला असणार. त्यातून जी रोपं झाली त्यांतली काही जांभळी निघाली, पण स्वभावाने रानटी. हिरवी उपटली गेली. जांभळी वाचली, पिकली, आणि कापणीआधीच दाणे खाली टाकून मोकळी झाली. पुढच्या वर्षी ती आणखी वाढली. दरवर्षी निंदणाऱ्या हातांनी मन लावून हिरवं काढलं आणि तेवढ्याच मन लावून जांभळं रान पोसलं.

वर्गात मी नैसर्गिक निवड शिकवते ती परदेशातल्या पतंगांचं चित्र दाखवून. मुलं जांभया देतात आणि मला राग येतो. इथे धुऱ्यावर उभी राहून मला पहिल्यांदा वाटलं की जांभया बरोबर होत्या. मी हे सगळं शकुनला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे आमीच केलं हे?"

"केलं नाहीस. होत गेलं."

"पण हे रानटी आलं कुठून?" तिने विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता बोडीकडे पाहिलं.

बोडीत काठाकाठाने देवधान, म्हणजे तेच रानटी धान, उभं होतं. उंच ताटं, लांब लालसर कुसळं. हे कोणी पेरत नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून तो उपास याच्या तांदळावर होतो. शकुनच्या सासूबाई दरवर्षी ते इथूनच गोळा करतात.

संध्याकाळी चुलीपाशी शकुनने विषय काढला. बोडीतलं देवधान उपटून टाकायचं, म्हणजे जांभळं वाचेल.

"काहून उपटतं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "ते तुह्या धानाच्या आधीपासून हाये तेथं. माह्या सासूनं नेलं, मी नेलं. पंचमीले मंग काय खाऊ?"

"आई, बाजारात भेटते देवतांदूळ."

"बाजारातला कोन्या पान्यातला हाये, मले का मालूम?"

दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या. मला हे पंचाचं काम अजिबात नको होतं. एका बाजूला मैत्रीण, दुसऱ्या बाजूला तिची सासू, आणि मी दोघींच्या घरचे वडे खाल्लेले. पण खरं होतं ते सांगितलं: देवधान उपटूनही फायदा नाही. गळलेले दाणे आता त्या बांधीच्या मातीतच आहेत आणि वर्षानुवर्षं उगवत राहतील. धान वाचवायचं तर धानालाच इथून हलवावं लागेल, जवळपास देवधान नसेल अशा जागी.

सासऱ्यांच्या हातचं बियाणं घराबाहेर जाणार, हे शकुनला सहन होत नव्हतं आणि तिने ते लपवलंही नाही, पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "आंधळगावले विलासकडं देऊ. त्याच्याकडं विहिरीवरची बांधी आहे, बोडी नाही." विलास तिचा धाकटा भाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई बोडीत उतरल्या आणि मीही हौसेने सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळून मागे गेले. देवधानाचे दाणे पिकले की पाण्यात पडून जातात, म्हणून त्यांनी आधीच ताटांच्या जुड्या बांधून ठेवल्या होत्या. आता एकेक जुडी टोपलीत वाकवून झटकायची. कुसळं हाताला, कपड्यांना, मिळेल तिथे चिकटत होती. माणसाने हजारो वर्षं न गळणाऱ्या लोंब्या निवडून निवडून घरी नेल्या आणि त्यातून आपलं धान झालं, हे मी पुस्तकातून शिकवते. न निवडलेलं कसं वागतं ते इथे माझ्या ओढणीला लटकलं होतं.

ऊन तापल्यावर आम्ही तिघी जांभळ्या बांधीत गेलो. प्रत्येक लोंबीवरून हात फिरवायचा. गळली तर सोडायची. कुसळ दिसलं तर सोडायची. धरून राहिली तरच खुडायची. दुपारपर्यंत शकुनच्या हाती एका लहान गाठोड्यापुरत्या लोंब्या आल्या. यातही लपून काही रानटी असेल, पुढच्या वर्षी तिथे अशीच निवड करावी लागेल, असं मी बजावलं. सासूबाईंनी गाठोड्याला हळद-कुंकू लावलं. "लेकच देऊन राहिलो आपन," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

शकुनला घर सोडता येईना, म्हणून गाठोडं मी नेलं. कोंढ्याहून भंडारा, तिथून मोहाडीवरून आंधळगाव. रविवारी गाड्यांचा भरवसा कमी, हातात वेळ ठेवा. विलास मोटारसायकल घेऊन थांब्यावर आला होता. चहाआधी मी बांधी दाखव म्हटलं. चिखल होता म्हणून सलवार पुन्हा नीट गुंडाळली, धुऱ्यावर बसले, आणि त्याला लोंबीवरून हात कसा फिरवायचा ते शिकवलं. "ताई, सांगितलं तसंच करतो," तो म्हणाला. गाठोडं त्याने दोन्ही हातांनी घेतलं. मला फार बरं वाटलं. एवढं चांगलं काम आपल्या हातून क्वचित होतं, असं मनाशी म्हणत मी नागपूरच्या गाडीत बसले आणि भंडाऱ्यापर्यंत झोपून गेले.

घरी येऊन कपडे बादलीत भिजवले. थोड्या वेळाने पाहते तर पाण्यावर लांब लालसर कुसळं तरंगत होती. देवधान. सलवारीच्या घडीत बसून आलं होतं. बोडीतून निघताना मी ती नुसती खाली ओढली होती, घडी सोडली नव्हती. ती सोडली होती आंधळगावला, विलासच्या धुऱ्यावर, पुन्हा नीट गुंडाळायला.

मी तिथेच न्हाणीघरात स्टुलावर बसले. स्वतःचा इतका संताप बऱ्याच दिवसांत आला नव्हता. जांभळ्या धानाला हलवायला तीन बायका, एक गाठोडं आणि एवढा प्रवास लागला. याला काहीच लागलं नाही.

विलासला लगेच फोन केला. तो म्हणाला, "तुम्ही कुठं बसल्या होत्या ते ध्यानात आहे माह्या. तेथं आधी पाहीन." मग धीर करून शकुनला सांगितलं. तिने फोन बाजूला धरून सासूबाईंना सांगितलेलं मला ऐकू आलं, आणि मग त्यांचं उत्तरही.

"जाऊ दे. लेक एकटी कोन पाठवते? पाठराखीण गेली सोबत."