उघड्या विटांची भिंत

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं मत विचारलं ते नव्या घराच्या पुढच्या भिंतीबद्दल.

ते मॅट्रिकवर केंद्र सरकारात कारकून म्हणून लागलेले. निवृत्ती जवळ आली, दिल्लीतलं सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरात छोटा प्लॉट घेऊन त्यांनी विटांचं घर उभं केलं. आत काय हवं ते आईला ठाऊक होतं. पण घर समोरून कसं दिसावं, हे आमच्यापैकी कुणी कधी ठरवलंच नव्हतं. क्वार्टरला सरकारी माणसं येऊन रंग देऊन जात, आणि तो सगळ्यांना सारखाच असे.

"तू कॉलेजात जातेस," बाबा म्हणाले. "तूच सांग."

घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. गल्लीतल्या नव्या घरांना चकचकीत टाइल्स लागत होत्या, पीळदार खांब येत होते. आईला गिलावा हवा होता, सायीच्या रंगाचा, आणि गच्चीच्या कठड्यावर सिमेंटचं एक कमळ. मी म्हटलं, विटा उघड्याच ठेवायच्या. आमच्या कॉलेजची इमारत तशीच होती. आमचे एक सर तिच्या साधेपणाबद्दल फार छान बोलत, आणि त्यांची वाक्यं मी घरी माझी म्हणून बोलले.

मिस्त्रींनी एक वीट हातात घेऊन मला दाखवली. "बिटिया, ये दिखाने वाली ईंट नहीं है. दोयम है. इसके ऊपर पलस्तर होता है."

"कॉलेज में भी ईंट ही है, मैंने ठीक से देखा है," मी म्हटलं.

"मिस्त्रीजी," बाबा म्हणाले, "जो बिटिया बोल रही है वही करो. पढ़ी-लिखी है."

त्याच आठवड्यात मी दुसरी गोष्टही रेटली. धाकटी बहीण बारावीत गेली होती. तिला टायपिंग आणि शॉर्टहँडला घालायचं बाबांच्या मनात होतं. मी म्हटलं, तिला बी.एस्सी. करू द्या, पुढे वाव आहे. बाबा म्हणाले, "तू म्हणतेस तर ठीक." धाकटीने मला चिमटा काढला, आनंदाने. माझ्या शब्दाला घरात वजन आलं होतं आणि मला ते फार आवडत होतं.

दसऱ्यानंतर आम्ही राहायला गेलो. पावसात भिजलेल्या भिंती वाळत आल्या तसा विटांवर पांढरा क्षार फुटू लागला. आधी खाली, मग खिडकीपर्यंत. शेजारच्या, मूळच्या पानिपतच्या बाई फाटकातून आईला म्हणाल्या, "भाभीजी, काम रुक गया क्या? बताना था, मेरे भाई की सीमेंट की दुकान है."

"नहीं जी, पूरा हो गया. आजकल यही फैशन है," आई म्हणाली. मी आत पोळ्या लाटत होते. आई आत आली आणि पोळ्या शेकू लागली.

संक्रांतीला तिने हळदीकुंकू ठेवलं. जुन्या क्वार्टरच्या शेजारच्या काकू शटल गाडीने एवढ्या लांब, थंडीत आल्या. दारातच एक काकू थबकल्या. "अय्या, काम चालूच आहे का अजून? मग एवढी घाई कशाला केलीत, वहिनी?"

"चालू कुठलं? झालं की," आई हसत म्हणाली. "आमच्या मोठीच्या कॉलेजची बिल्डिंग अशीच आहे. बिल्कुल अशी."

दुसऱ्या काकूंची शाल भिंतीला घासली आणि पांढरी झाली. त्या ती झटकत राहिल्या. तिसऱ्या म्हणाल्या, "आत मात्र छान हवेशीर आहे हो." सगळ्यांनी मान डोलावली. मी तिळगूळ वाटत होते. आई इतकं बोलत होती, इतकी हसत होती, की मला तिच्याकडे बघवेना.

त्या गेल्यावर तिने बादली आणि खराटा घेऊन पुढची भिंत धुतली. दोन दिवसांनी क्षार आणखी फुटला. त्या दिवशी मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, माझं चुकलं. गिलावा करून घेऊ या."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. रागावले नाहीत. "नीट बघितलंय, म्हणाली होतीस."

"बघितलं होतं. पण तिथल्या विटा वेगळ्या असतील, हे कुणाला विचारलं नाही. मिस्त्री सांगत होते तेही ऐकलं नाही."

"अच्छा." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "आणि धाकटीचं जे सांगितलंस, ते विचारलंयस कुणाला?"

"विचारलं नाही. पण मला माहितेय, बाबा." हे म्हणताना माझा आवाज मिस्त्रींशी बोलताना होता तसाच लागला. बाबांनाही तो तसाच ऐकू आला असणार.

फाल्गुनात गिलावा झाला. "बिटिया, कॉलेजवाले नाराज़ तो नहीं होंगे?" एवढंच मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच हसले. रंग आईने निवडला, सायीचाच. कमळाचं विचारलं तर म्हणाली, "राहू दे आता."

जूनमध्ये धाकटीचा बी.एस्सी.चा फॉर्म आला. त्यावर बाबांची सही हवी होती. त्यांनी तो घडी करून ऑफिसच्या बॅगेत ठेवला. ऑफिसातल्या साहेबांना दाखवायचा होता. तीन दिवस फॉर्म बॅगेतच जात-येत राहिला.

"ताई, तू बोल ना त्यांच्याशी," धाकटी म्हणाली.

"मी बोलले तर अजून उशीर होईल गं," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी बाबा आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "साहेब म्हणाले, कोर्स चांगला आहे. मुलीला पुढे वाव आहे." मी वर्षापूर्वी जवळजवळ हेच म्हटलं होतं. त्यांनी सही केली. धाकटी नाचत स्वयंपाकघरात आईकडे पळाली. मलाही आनंद झाला, खरंच झाला. बाबांनी फॉर्म माझ्यापुढे धरला.

"हा पोस्टाने पाठवायचा, की तिथे नेऊन द्यायचा?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी तो परत घडी केला.

"राहू दे," म्हणाले. "उद्या साहेबांनाच विचारतो."