एब्रोच्या काठची पाण्याची पाळी

"लढले, ते कळलं. पण पाण्याची पाळी कोणाची होती?"

सेमिनार चालू असताना माझ्या मागच्या खुर्चीवर कोणीतरी चक्क मराठीत पुटपुटलं. क्योतोत येऊन मला तीन महिने झाले होते, आणि विद्यापीठात आणखी कोणी मराठी असेल असं वाटलं नव्हतं. मी हसू दाबलं, पण खांदे हलले असावेत.

"अहो, तुम्ही मराठी?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं. "मग तीन महिने गप्प काय बसलात? मी इथे भिंतींशी बोलतोय."

गप्प बसणं ही माझी जुनी सवय. ते मात्र पन्नाशीतही भरभरून बोलत. सांगलीकडच्या ऊसवाल्या घरातले; इथे करारावर संशोधक. आमचा विषय एकच होता: मध्ययुगात तलवार घेतलेले ख्रिस्ती संन्यासी, म्हणजे टेम्पलर वगैरे, आणि त्यांच्या जहागिरीत राहणारी मुसलमान गावं. मी लढाया वाचत असे, ते पाटाच्या पाण्याचे करार.

सायकलवरून जाताना कालवा दिसला की ते हमखास उतरत. वाकून पाणी अडवायचं दार बघत, "गळत नाही," म्हणत आणि पुढे निघत. मागे कोणी घंटी वाजवली तर जपानी पद्धतीने तीनदा झुकून माफी मागत.

"आमच्या बांधाला लागून मुलाणींचं रान," त्यांनी एकदा सांगितलं. "वडील आणि ते चावडीवर एकमेकांचं तोंड बघत नसत. पण एकमेकांची पाळी कधी मोडली नाही."

"म्हणजे मनातून प्रेम होतं?"

"कसलं प्रेम! पीक वाळलं असतं. उगाच गोड करू नकोस गं. याच संन्याशांनी मुसलमान कैदी गुलाम म्हणून राबवलेत, तेही लिही."

स्पेनमधल्या एब्रो नदीकाठच्या गावांवरचा माझा लेख त्यांनी पेन्सिलीने तपासला. शुक्रवारी गावकऱ्यांवर पाण्याचं काम नाही, या करारातल्या कलमाला मी संन्याशांची 'उदारता' म्हटलं होतं. त्यांनी तो शब्द खोडला आणि समासात लिहिलं: 'पाट साफ करणारे गावकरीच. त्यांनी ही अट घालून घेतली असणार. पुढची कलमं बघ.' मी बघितली. तसंच होतं. सगळा लेख उलटा फिरला आणि उभा राहिला.

मार्चमध्ये त्यांचा करार संपला. पुढची नोकरी हातात नव्हती. जाताना त्यांनी मला प्रेशर कुकर दिला. लेखाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्यांच्या नावाची तळटीप घालायची राहून गेली, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर धीर झाला नव्हता. माझी शिष्यवृत्ती वाढणार की नाही, ते याच लेखावर होतं.

एप्रिलच्या सेमिनारमध्ये मी तो वाचला. प्राध्यापकांनी चष्मा काढला. असं ते क्वचितच करतात. "शुक्रवारच्या कलमाचा हा अर्थ इथे आजवर कोणी लावला नव्हता," ते म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. आता नुसतं झुकून खाली बसायचं होतं.

मी उभीच राहिले. "हा अर्थ मी लावलेला नाही," मी म्हणाले, आणि त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.