विंचवासाठी कोंबड्या

आमच्या धाकट्याला चौथं वर्ष लागलं तरी त्याच्या पायांत जोर नव्हता. अंगणात चार पावलं चालला की भिंतीला टेकून बसायचा आणि दुसऱ्यांचा खेळ बघायचा. डॉक्टरांनी त्याच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, याला रोज एक अंडं द्या."

नवं राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल तेव्हाची ही गोष्ट. आम्ही अकोल्याला राहत होतो. आमचे हे शाळेत संस्कृत शिकवत. घराणं अमरावतीचं, भिक्षुकी करणारं. आमच्याकडे चातुर्मासात कांदाही उंबऱ्याच्या आत येत नसे. पण अंड्याला यांनी नाही म्हटलं नाही. औषध आहे, घ्यायचं, म्हणाले. अडचण ते आणायचं कसं, याची होती. बाजारात अंडी मिळत, पण त्या दुकानासमोरून यांच्या शाळेतली निम्मी पोरं जात-येत. संस्कृतच्या मास्तरांच्या पिशवीत अंडी दिसली असती तर वर्गात शब्दरूपं म्हणून घेणं अवघड झालं असतं.

दोन दिवस विचार करून यांनी तोडगा काढला. अंडी घेताना कोणी बघू नये म्हणून घरीच कोंबड्या पाळायच्या.

"अहो, मग कोंबड्या नाही का दिसणार लोकांना?" मी विचारलं.

"कोंबडी दिसणं वेगळं आणि अंडं दिसणं वेगळं," हे म्हणाले. आणि त्या वेळी मलाही ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे.

पातूरकडच्या एका खेड्यातून एक शेतकरी बाई आमच्याकडे भाजी घेऊन येई. तिनेच मोटारीच्या टपावरून एका डालग्यात पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आणून दिला. डालगं मागच्या अंगणात उघडल्याबरोबर कोंबडा न्हाणीघराच्या भिंतीवर चढला आणि असा आरवला, की गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना आमचं गुपित कळलं.

आमच्या मुलीला तेव्हा सातवं लागलं होतं. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना नावं दिली. लठ्ठ होती ती मोठी मामी, एका पायाने लंगडायची ती काकी, सारखी मान वळवून मागे बघायची ती मावशी, आणि जिला स्वतःचं असं काही वैशिष्ट्य नव्हतं ती नुसतीच सून. पाचवी तांबूस रंगाची, उंच मानेची. इतर कोंबड्या ज्वारीकडे वळल्या की ही आधी मध्ये जाऊन उभी राही आणि आपलं झाल्याशिवाय कोणाला चोच लावू देत नसे. तिचं नाव आत्या. कोंबड्याला तिने हेडमास्तर केलं. आमचे खरे हेडमास्तर तीन घरं सोडून राहत, त्यामुळे "हेडमास्तर भिंतीवर चढले" अशी हाक आली की हे पुस्तक खाली ठेवून आधी खिडकी लावून घेत.

आठवड्याने मोठ्या मामीने पहिलं अंडं घातलं. मी मागच्या अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं घेतलं, अंडं उकडलं, सोललं आणि मीठ लावून धाकट्यापुढे ठेवलं. त्याने ते बराच वेळ पाहिलं.

"हे कोणाचं आहे?"

"मोठ्या मामीचं."

"तिले विचारलं का?"

मुलं गल्लीतल्या पोरांत खेळायची, तशीच बोलायची. मी म्हटलं, विचारलं. त्याने तिथूनच मामीकडे पाहिलं. ती अंगणभर फिरून ओरडत होती, अंडं घातल्यावर कोंबड्या ओरडतात तशी.

"ती नाही म्हणून राहिली," तो म्हणाला, आणि त्याने बशी सरकवली.

यांनी समजूत घातली, मुलीने घातली, मी एकदा धपाटाही घातला. कशाचाच उपयोग झाला नाही. काकीचं अंडं तिचा पाय दुखतो म्हणून नको, आत्याचं तर भीतीनेच नको. शेवटी रोजची अंडी मी भाजीवाल्या बाईला देऊ लागले. तिच्या घरी दोन नातवंडं होती. महिन्याभराने ती एका नातवाला दाखवायला घेऊन आली. गालाला वळ्या पडलेलं, बाळसेदार लेकरू. "तुमच्या अंड्यायनं कसं झालं पाहा, बाई," ती म्हणाली. आम्ही दोघांनी त्या लेकराचं कौतुक केलं. आमचा धाकटा भिंतीला टेकून कोंबड्यांकडे बघत होता.

अशात अमरावतीहून कार्ड आलं. यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आठ दिवसांसाठी येत होत्या. त्यांचं सोवळं फार कडक. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं झालेलं, मूलबाळ नाही, आणि सगळ्या घराण्यात त्यांच्या शब्दापुढे कोणी बोलत नसे. कार्ड वाचून हे खाली बसले. कोंबड्या परत पाठवाव्यात म्हटलं तर भाजीवाली चार दिवस येणार नव्हती. मग यांनी ठरवलं, की मागचं दार लावून ठेवायचं आणि अक्काला काही कळू द्यायचं नाही.

वन्सं आल्या, पाय धुतले, पाट मांडला, त्या बसल्या, आणि हेडमास्तर आरवले.

"हा कोणाकडचा रे?" वन्संनी विचारलं.

माझ्या नवऱ्याला मी तोवर कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांना ते जमतही नसे. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "विंचवासाठी."

"काय विंचवासाठी?"

"कोंबड्या. इथे विंचू फार निघतात. कोंबड्या ते खातात. मुलं लहान आहेत, म्हणून ठेवल्या."

वन्संना जगात एकाच गोष्टीची भीती होती आणि ती विंचवाची. त्यांनी दोन्ही पाय उचलून पाटावर घेतले. एवढंच म्हणाल्या, "किती आहेत?" त्या कोंबड्या विचारत होत्या की विंचू, हे आम्हाला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी मागच्या पडवीतली लाकडं काढत होत्या. ढिगाखालून बोटभर लांबीचा पिवळा विंचू नांगी उचलून बाहेर आला. तेवढ्यात तांबूस आत्या धावत आली, इतरांना पंखाने बाजूला सारलं, विंचू उचलून दोनदा जमिनीवर आपटला आणि गिळून टाकला. मग वन्संकडे बघत उभी राहिली.

दुपारी वन्संनी मूठभर ज्वारी लांबून तिच्यापुढे टाकली. संध्याकाळी त्यांनी यांना बोलावलं.

"ही कोंबडी माझ्या खाटेपाशी बांध. पण मला आधी सांग, हिचं पीस लागलं तर विटाळ होतो का?"

"होत असेल," हे म्हणाले.

"काहून होईल? धाबळी नेसून मी स्वयंपाक करते. ती मेंढीच्या अंगावरची लोकर. देवापुढे मोरपीस चालतं. तो मोरही पक्षीच. मग हिच्याच पिसाला काय झालं? तू संस्कृत शिकलेला, पोथ्यांत बघून सांग."

हे दोन दिवस शाळेतून आले की पोथ्या काढून बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात जोडून सांगितलं, की विरुद्ध असं स्पष्ट काही सापडलं नाही. त्या दिवसापासून आत्या कोंबडी वन्संच्या खाटेच्या पायाला दोरीने बांधलेली असे. एकाच नावाच्या त्या दोघी एका खोलीत राहत होत्या आणि त्यांतल्या मोठीला ते ठाऊक नव्हतं. मुलांना मी बजावलं होतं, की आत्या गावाला जाईपर्यंत कोंबडीला हाक मारायची नाही. मुलीने विचारलं, "कोणती आत्या?" तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आठ दिवस होत आले आणि वन्संची कंबर धरली. त्या खाटेवर पडून राहिल्या. कोणी जवळ गेलं की वस्सकन अंगावर येत. त्याच दिवशी खाटेखाली कोंबडी खुडूक झाली. म्हणजे अंगात ताप भरल्यासारखी पिसं फुगवून एका जागी बसली, ऊठ म्हटलं तरी उठेना. वन्संना त्रास नको म्हणून मी तिला सोडून मागच्या खुराड्यात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाली आली. खोलीच्या खिडकीखालीच तिचं आणि आमच्या मुलीचं बोलणं झालं.

"आत्या खुडूक झाली," मुलगी म्हणाली. "कालपासून उठूनच नाही राहिली. जवळ गेलं का चावाले धावते."

"मंग तिले थंड्या पान्यात बुडवा ना दोनदा," भाजीवाली म्हणाली. "दोघं जनं धरा अन् बुडवा. नायीच ऐकलं तं तिच्या नाकात पीस घाला. मी सांगतो तुमच्या मायले."

मी स्वयंपाकघरातून धावत गेले, पण उशीर झाला होता. वन्सं कंबर धरून उठल्या होत्या आणि आपली पळी, पंचपात्र, धाबळी वळकटीत घालत होत्या.

"मला बडनेऱ्याच्या गाडीत बसवून द्या," त्या म्हणाल्या.

मी काहीही सांगायला तोंड उघडलं की त्या हात वर करत. शेवटी यांना शाळेतून बोलावून आणलं.

"अक्का, ते तुझ्याबद्दल नव्हतं," हे म्हणाले. "ते आत्याबद्दल होतं."

"मग मी कोण आहे?"

तेवढ्यात मुलगी मागे जाऊन कोंबडी काखेत घेऊन आली आणि तिने ती वन्संच्या वळकटीवर ठेवली.

"ही आत्या," ती म्हणाली.

वन्संनी कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीने पिसं फुगवली.

"हिला माझं नाव काहून दिलं?"

मुलगी लहान होती, तिने खरं ते सांगितलं. "ही सगळ्यायच्या आधी जेवते. कोणाले मधात बोलू देत नाही. अन् चालते अशी." तिने मान उंच करून, पावलं आपटत खोलीत दोन फेऱ्या मारून दाखवल्या. ती चाल हुबेहूब वन्संची होती. यांनी खाली बघितलं. मी पदर तोंडाला लावला.

वन्संनी हात पुढे केला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीच्या पाठीवर ठेवला. "अंग तापलंय हिचं," त्या म्हणाल्या. "हे असं काहून होतं?"

मी सांगितलं, की तिला अंड्यांवर बसायचं असतं.

"मग बसू द्या की. पाण्यात काय म्हणून बुडवता?"

आता अंडी हवी होती, आणि आमच्या घरी एकही नव्हतं. भाजीवाली अजून ओट्यावर बसलेली होती. तिच्याकडे आम्ही आमचीच अंडी परत मागितली. ती दुसऱ्या दिवशी टोपलीत भुसा घालून अकरा अंडी घेऊन आली. वन्संनी स्वतः उभं राहून ती लाकडाच्या पळीने कोंबडीखाली सरकवली. पिसाचा निकाल लागला होता, अंड्याचा लागायचा होता.

वन्संचं परत जाणं एकवीस दिवस लांबलं. खोलीच्या एका कोपऱ्यात डालग्याखाली कोंबडी बसलेली आणि खाटेवर वन्सं वाती वळत बसलेल्या. घरात मोठ्याने बोलायची बंदी झाली. हेडमास्तरांना वन्सं काठी दाखवत. धाकट्याला त्यांनी कामाला लावलं. कोंबडीला दिवसातून दोनदा बाहेर फिरवून आणायचं, ती पळाली तर मागे पळायचं, वेळेत परत आणायचं. पहिल्या दिवशी तो तिसऱ्या पावलाला बसला. वन्सं खिडकीतून ओरडल्या, "अंडी गार होतील." तो उठला. पंधरा दिवसांत तो न्हाणीघराला तीन वळसे घालून तिला धरू लागला. भूक लागली की वन्सं त्याला कोंबडीसाठी भाजलेल्या ज्वारीतलीच मूठभर देत, वर गूळ.

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. वन्संनी प्रत्येकाला दिव्याने ओवाळलं. धाकट्याने एक पिल्लू दोन्ही हातांत धरलं होतं. त्याला इतक्या मोठ्याने हसताना मी प्रथमच ऐकलं.

त्याच आठवड्यात यांनी त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पापण्या ओढून पाहिल्या, पोट दाबलं, त्याला खोलीत धावायला लावलं आणि खूश झाले. "पाहिलंत ना मास्तर? अंडी चालू ठेवा," ते म्हणाले. "ठेवतो," हे म्हणाले. आता ते खोटं बोलण्यात तयार झाले होते.

वन्संना पोचवायला मी दोन्ही मुलांना घेऊन निघाले. कोंबडी आणि पिल्लं सोबत घेतल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या. मोठ्या टोपलीत सगळ्यांना घालून वर त्यांनी आपली धाबळी बांधली, म्हणजे कोणी हात लावणार नाही. बायकांच्या डब्यात आम्ही टोपली बाकाखाली ठेवली. मूर्तिजापूर गेल्यावर आतून चिवचिव सुरू झाली. समोरच्या बाईंनी विचारलं, "काय आहे हो त्यात?"

"देवाचं आहे," वन्सं म्हणाल्या.

"त्यात आत्या आहे," धाकटा म्हणाला.

त्या बाईंनी टोपलीकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं आणि मग बडनेऱ्यापर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

अमरावतीला वन्संच्या गल्लीत सगळी भिक्षुकांची घरं. टोपली सोडली तेव्हा ओट्याओट्यावर माणसं उभी राहिली. वन्संनी कोणी विचारायच्या आतच सांगितलं, की या विंचवासाठी आहेत आणि पोथीत विरुद्ध काही नाही, माझ्या भावाने पाहिलंय. पुढच्या पावसाळ्यात त्या गल्लीत एका घरी विंचू निघाला आणि त्यांनी वन्संकडून एक कोंबडी नेली. मग शेजारच्यांनी नेली. दोन वर्षांनी आम्ही उन्हाळ्यात गेलो तेव्हा पहाटे गल्लीत पाच ठिकाणी कोंबडे आरवत होते आणि त्यावर पाच घरांतून रुद्र म्हटला जात होता.

वन्संच्या अंगणात बावीस कोंबड्या होत्या. आमच्या मुलीने विचारलं, "यांची नावं काय ठेवली?"

"मी कोणाला नावं ठेवत नाही," वन्सं म्हणाल्या. मग त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत एकेका कोंबडीच्या चालण्यातली, आवाजातली आणि पोरं सांभाळण्यातली खोट मला समजावून सांगितली.