नववी गाठ

अख्खा मतदारसंघ उपरण्याच्या टोकाला बांधून फिरणारा मंत्री या राज्यात एकच झाला, आणि तो म्हणजे माझे मामा, हे मी छातीठोकपणे सांगतो. बाकी कशाबद्दल छाती ठोकावी असं माझ्याजवळ काही नाही. का नाही, ते सांगायलाच आज बसलोय.

मामा, म्हणजे लोकांचे आप्पा, मूळचे तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारातले ऊसवाले, बाजारादिवशी मेथीच्या जुड्या घेऊन पोत्यावर बसणारे. सोसायटी, पंचायत समिती, आमदारकी असं करत करत एक दिवस कॅबिनेट मंत्री झाले. पण त्यांच्यातल्या शेतकऱ्यानं काही शपथ घेतली नव्हती. बंगल्यावर राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी पुढच्या हिरवळीत लसूण लावला. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की बैठक पुढं ढकलून गावाकडं पळत. सचिवांना सांगत, "साहेब, फाईल थांबती. पाणी थांबत न्हाई." एकदा बंदोबस्ताचा पोलीस बांधावर बंदूक घेऊन ताठ उभा होता. मामांनी गुडघाभर चिखलातून त्याच्याकडे पाहिलं आणि खोरं पुढं केलं. "बंदुकीनं पाणी वळत न्हाई, बाबा. ती ठिव बाभळीला टेकवून आन् ह्ये धर." संध्याकाळपर्यंत त्या पोलिसानं सबंध वावर भिजवलं. पुढं त्याची बदली झाली तेव्हा मामींच्या पाया पडून रडला.

पण मामांची खरी ओळख म्हणजे त्या गाठी. कुणी काम घेऊन आलं की मामा पूर्ण ऐकून घेत, आणि शब्द दिला तर त्याच्यादेखत उपरण्याच्या टोकाला गाठ मारत. काम झालं की गाठ सोडत. रस्त्याची गाठ जाड, बदलीची बारीक, भावकीच्या भांडणाची दुहेरी. गाडीत डोळे मिटून ती बोटांनी चाचपत बसायचे आणि मधेच म्हणायचे, "ही खुटबावच्या मास्तरची. त्याचं ऱ्हायलंय." मी त्यांचा सख्खा भाचा आणि स्वीय सहायक. हातात डायरी घेऊन शेजारी बसलेला. एकदा म्हटलं, "मामा, मी लिहून घेतो की सगळं." तर म्हणाले, "भाच्या, वहीत लिहिलं की मानूस मोकळा हुतो. गाठ खांद्याला टोचत ऱ्हाती."

मला त्या गाठींची लाज वाटायची, हे आता लिहितो. एका बैठकीनंतर दोन अधिकारी जिन्यात हसताना ऐकले, "मंत्र्यांचं उपरणं आहे की गोधडी?" दुसऱ्या दिवशी मामांची टीव्हीवर मुलाखत होती. ते अंघोळीला गेले तेव्हा मी बसून एकेक गाठ सोडली. नऊ होत्या. उपरण्याला कडक इस्त्री करून ते खुंटीला लावलं.

मामांनी ते खांद्यावर घेतलं, टोक चाचपलं आणि थांबले.

"गाठी कुठं हाईत?"

"धोब्यानं इस्त्री करताना सोडल्या असतील," मी म्हणालो.

ते धोब्याला एक शब्द बोलले नाहीत. मुलाखतीआधी खुर्चीत बसून त्यांनी आठवून आठवून आठ गाठी पुन्हा मारल्या. नववी आठवेना. बातमी गावोगाव फुटली आणि मग जी गंमत झाली ती विचारू नका. भांडगावपासून शिरूरपर्यंतची माणसं बंगल्यावर रांग लावून उभी. प्रत्येक जण म्हणे, "आप्पा, ती नववी माझीच!" एकानं तर पेट्रोल पंपाचा परवाना मागितला. मामा हसून म्हणाले, "एवढी मोठी गाठ माझ्या उपरण्यात मावली नसती, गड्या."

जिची खरी होती, ती मात्र आली नाही. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीवरची बाई. पावसाळ्यात ये-जा करायला ओढ्यावर मोरी, छोटा पूल बांधून द्या एवढंच तिचं मागणं. आप्पांनी गाठ मारलेली तिनं डोळ्यांनी पाहिली होती. पुन्हा आठवण द्यायचं तिला कारणच नव्हतं. त्या पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला आणि कामावरून परतणारा तिचा नवरा वाहून गेला.

मामा भेटायला गेले. मी मागं उभा होतो. बाई रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "आप्पा, तुमी गाठ मारली व्हती की वो माज्यासमोर."

परतताना मामा गाडीत एवढंच बोलले, "आठ ध्यानात ऱ्हायल्या. सुटली ती नेमकी तिचीच. म्हंजी माझ्यातच खोट हाय." तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. आलं आणि मी गिळलं. मोरी झाली, उशिरा. पुढच्या निवडणुकीला पक्षानं हात जोडले तरी मामा उभे राहिले नाहीत. लोक म्हणाले, थकले. कुणी म्हणालं, नाराज असतील. कारण मला एकट्याला ठाऊक होतं. आणि ते कारण खोटं आहे, हेही.

आता मामांना फारसं आठवत नाही. ओसरीवर बसून उपरणं चाचपत असतात. परवा गेलो, पायाशी बसलो आणि सांगून टाकलं. "मामा, त्या गाठी धोब्यानं न्हाई सोडल्या. मी सोडल्या. खोट तुमच्यात नव्हती."

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. नेहमीसारखं, मान कलती करून. मग म्हणाले, "कुठल्या गावचं तुमी?"

मला रडू फुटलं. त्यांनी माझ्यादेखत सावकाश गाठ मारली. दुहेरी. "जावा तुमी निवांत. बघतो मी."

हे सगळं आज वहीत लिहिलं. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. मामांचं तेवढं एक म्हणणं चुकलं.

काल मामींचा फोन आला होता. उपरणं धुवायला मागितलं तरी देत नाहीत म्हणे. विचारलं, गाठ कुणाची हाय? तर म्हणाले, "लांबनं आलं व्हतं कुनी. लई रडत व्हतं गं. त्याचं काम ऱ्हायलंय."