बाळंतिणींच्या खाटांसाठी गाणं

संगीत माणसाला आतून जागं करतं, असं यजमानांनी प्रास्ताविकात सांगितलं आणि मला ते पटलंही. गेवराईत त्यांच्या नव्याकोऱ्या मार्बलच्या दिवाणखान्यात गाण्याची बैठक होती. सरकारी दवाखान्यात बाळंतिणी जमिनीवर झोपत. त्यांच्यासाठी खाटा घ्यायच्या होत्या. माझ्या शेजारी तेलगावचे एक कापूसवाले होते. आलाप सुरू होताच त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला, भिंतीला टेकले आणि झोपले. भैरवीनंतर उठून त्यांनी देणगीच्या ताटात सर्वांत जाड पाकीट ठेवलं.

"काका, तुम्ही गाणं तर ऐकलंच नाही," मी म्हणालो.

"ऐकून दिलं तर ते तिकीट झालं, भाऊ. आमी दान द्यायला आलतो."

खाटा आल्या. पुढच्या बैठकीला यजमानांनी भिंतीकडेला सहा उशा मांडल्या.