साडेपाचला कुठल्या स्टेजवर

नजीब गेल्याचं मला पोस्टातच कळलं. दुपारची टपालाची पिशवी फोडून पत्रं लावत बसलो होतो, तेवढ्यात पोस्टमास्तरांच्या टेबलावरचा फोन वाजला आणि त्यांनी मला हात करून बोलावलं. पलीकडे नजीबचा मेहुणा. "आनंदभाई, नजीबभाई गुजर गये. सुबह नींद में ही..." एवढंच म्हणाला. मी म्हणालो, "बरं, बरं." माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी "बरं" म्हणतं का? पण माझ्या तोंडून तेच गेलं. फोन ठेवला, जागेवर आलो आणि पुन्हा पत्रं लावायला लागलो. काल्हेर, खारबाव, नारपोली... नारपोलीच्या खणापाशी हात थांबला तो थांबलाच. पस्तिशीही गाठली नव्हती त्याने. झोपेत हृदय बंद पडलं म्हणे. त्याला आता दीड महिना होतोय.

आम्ही शाळेपासून एका बाकावरचे. नजीब नारपोलीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातला, वडिलांचा चोवीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. मी दोन गल्ल्या सोडून, बुद्धविहाराच्या मागे राहणारा. माझे वडील नगरपालिकेत होते. एकमेकांच्या घरी जेवणं, सणाला डबे, हे सगळं होतंच. पण आमची खरी गाठ बांधली ती एका कॅसेटने. नजीबचा मामेभाऊ कुवेतहून सुट्टीवर आला होता, तो ती विसरून गेला. आता रविवारची पुरवणी वाचणाऱ्या सभ्य मंडळींना मी कसं सांगू, त्या कॅसेटमध्ये काय होतं! त्याला एक्स्ट्रीम मेटल म्हणतात. त्यात गाणारा गात नाही. गुरगुरतो, नाही तर किंचाळतो. गिटार करवतीसारखी चालते आणि ड्रम इतके जलद की मोजायला जाल तर चुकाल. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "आनंदा, कुणाला मारतायत का रे?" आम्हाला मात्र ते ऐकून जराही परकं वाटलं नाही. भिवंडीत वाढलेल्या पोराला आवाजाचं काय कौतुक? आम्ही पाळण्यात होतो तेव्हापासून भिंतीपलीकडे लूम चालू होते. नजीब डोळे मिटून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "यार, हे तर आपलंच आहे. ह्यांनी फक्त त्याला नावं दिली."

कॅसेटच्या कागदावर जर्मनीतल्या कुणा होल्गरचा पत्ता होता. आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं आणि मग कॅसेटी येऊ-जाऊ लागल्या. आमच्याकडून पाठवायला काय होतं? नजीबने एकदा चोवीसच्या चोवीस लूम चालू असताना टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला आणि अर्ध्या तासाची कॅसेट भरून धाडली. होल्गरचं पत्र आलं, की असं काही त्याने आजवर ऐकलेलं नाही, ह्या बँडचं नाव काय? आम्ही हसून लोळलो. नजीबने कळवलं, बँडचं नाव नारपोली. खरं काय ते आम्ही त्याला पुढे कधीच सांगितलं नाही.

ह्या होल्गरच्या गावाजवळ दर वर्षी एका कुरणात दोन दिवसांचा मेटल महोत्सव व्हायचा. त्याचं पत्रक तो आम्हाला न चुकता पाठवायचा. दोन स्टेज, चाळीस बँड आणि कोण किती वाजता कुठे वाजवणार त्याचं कोष्टक. पत्रक यायचं बोटीच्या टपालाने, म्हणजे ते माझ्या हाती लागायचं तोवर महोत्सव संपून, तंबू उठून, कुरणातलं गवत परत वर आलेलं असायचं. त्याने आमचं काही अडत नव्हतं. कुठला बँड बघायचा आणि कुठला सोडायचा, हे ठरवणं तरी राहिलंच होतं ना!

ते आम्ही शुक्रवारी ठरवायचो, नोकरी लागल्यावर मी त्यासाठी पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा टाकायचो. शुक्रवारी लूम बंद. बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही की शुक्रवारची भिवंडी म्हणजे काय. सहा दिवस जो आवाज हाडात बसलेला असतो तो एकाएकी उठून जातो आणि मग गल्लीतल्या शेळीचं ओरडणंही अंगावर येतं. जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपून नजीब कारखाना उघडायचा. आत अंधार, वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप आणि तिच्यात कापसाची तूस इतकी सावकाश तरंगत असायची की आम्हीही आपोआप हळू बोलायचो. कापडाच्या घड्या घालायच्या टेबलावर पत्रक पसरायचं. नियम एकच होता: दोघांची यादी एकच. बघायचं ते दोघांनी मिळून, कुणी एकट्याने कुठे जायचं नाही. आता अकराला लहान स्टेजवर एक आणि सव्वाअकराला मोठ्या स्टेजवर दुसरा असेल, तर मधलं अंतर चालायला किती वेळ लागेल? ते आम्ही लूमच्या दोन रांगांमधून खरोखर चालून बघायचो. ह्या टोकाला लहान स्टेज, त्या टोकाला मोठं. चालता चालता नजीबला चिखल लागायचा. "हळू रे, इथे निसरडं आहे," म्हणायचा आणि कोरड्या फरशीवर मी खरंच पाऊल जपून टाकायचो. कधी त्याला लाकडाच्या धुराचा वास यायचा, कधी थंडी वाजायची. भर दुपारी, भिवंडीत! आणि मी वेडा विचारायचो, की स्वेटर आणला आहेस ना?

सगळ्यात मोठं भांडण असायचं ते एकाच वेळी वाजवणाऱ्या बँडवरून. नजीबला कुणालाच सोडवायचं नाही. "आपण मध्ये उभं राहू," हा त्याचा ठरलेला तोडगा. "चार लूम सांभाळणाऱ्याला दोन स्टेज जड आहेत का?" त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. वडिलांच्या माघारी तो स्वतः लूमवर उभा राहायचा आणि चार लूमकडे पाठ करून माझ्याशी बोलत असला तरी त्यांतल्या एकावर धागा तुटला की बोलणं अर्ध्यावर टाकून नेमका त्याच लूमकडे वळायचा. डोळ्याने नाही, कानाने. म्हणून तर विणणारे कानात बोळे घालत नाहीत. बोळे घातले तर तुटलेला धागा ऐकू कसा येणार? त्याच्या वडिलांनी घातले नाहीत, ह्यानेही घातले नाहीत.

अशी सहा-सात वर्षं गेली. त्याचं लग्न झालं, शमीमभाभी आली, सना झाली. माझंही लग्न झालं. यादी मात्र चुकली नाही. पण कधीतरी नजीब बदलायला लागला. जे जलद, धारदार बँड त्यानेच मला ऐकायला शिकवले, त्यांच्या नावांवर तो काट मारायला लागला. 'व्हर्मिन चॅपल' तर त्याचा जीव की प्राण, त्यावरही काट. त्याऐवजी 'आयर्न लिटनी'सारखे संथ, जड, जमिनीतून येणाऱ्या आवाजाचे बँड. मला राग यायचा. माझा राग नाकावरच असतो, घरी विचारा. मी म्हणायचो, "म्हातारा झालास. उद्या गझला ऐकत बसशील." तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा आणि मग हसून म्हणायचा, "झालो बाबा. काय करणार?"

आणि मग एके वर्षी खरोखरीचा महोत्सव आला. मुंबईच्या कॉलेजातल्या काही पोरांनी एका मैदानावर भरवलेला, एकाच दिवसाचा, सकाळी सुरू होऊन दिवेलागणीला संपणारा. अकरा बँड आणि बांबू-फळ्यांची दोन स्टेज! आयुष्यात पहिल्यांदा आम्ही महोत्सवाच्या आधी यादी करायला बसलो. शेवटी अडलं ते साडेपाचवर. एका स्टेजवर मुंबईचा 'ब्लॅक सिल्ट', संथ. दुसऱ्यावर बेंगळुरूहून येणारा 'रस्टेड सायथ'. ह्या पोरांची कॅसेट नजीबनेच मागवली होती आणि पहिल्यांदा ऐकून तो कारखान्यात नाचला होता. मला वाटलं, ह्यात ठरवायचं काय आहे? तर हा म्हणतो, ब्लॅक सिल्ट. मी हात टेकले. जागा तशीच रिकामी ठेवली, म्हटलं तिथे गेल्यावर बघू.

तिथे गेल्यावरही तेच. साडेपाच वाजले, पलीकडे बेंगळुरूची पोरं वाद्यं जुळवायला लागली आणि नजीब म्हणाला, "तू जा. मी इथेच थांबतो." माझं डोकं फिरलं. "ज्यांच्यासाठी आलो त्यांनाच सोडायचं? मग घरीच बसायचं होतंस." तो पुन्हा म्हणाला, "जा ना यार, खरंच जा." आणि मी गेलो. इतक्या वर्षांचा नियम मी त्या दिवशी मोडला, आणि खोटं कशाला बोलू, गाणी सुरू झाल्यावर मला त्याची आठवणही आली नाही. जे आम्ही अंधाऱ्या कारखान्यात स्वप्नासारखं बघायचो ते पुढ्यात घडत होतं. मी घसा बसेपर्यंत ओरडलो.

परत आलो तेव्हा इकडची गर्दी पांगली होती. ब्लॅक सिल्टचं वाजवणं कधीच संपलं होतं, पोरं ड्रम उतरवून टेम्पोत चढवत होती. आणि नजीब स्टेजला टेकून उभा होता. चपला काढलेल्या, एक तळहात स्टेजच्या बांबूवर, डोळे मिटलेले, आणि मान लयीत हलत होती. मला काही कळेना. मग लक्षात आलं, स्टेजच्या मागे जनरेटर चालू होता. त्याची थरथर बांबूतून येत होती. नजीब त्या जनरेटरला मान डोलावत होता... मी त्याला हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला तेव्हा त्याने डोळे उघडले, रिकामं स्टेज बघितलं आणि इतका ओशाळला, की ते तोंड मला आजही सहन होत नाही.

येताना बसमध्ये त्याने सांगितलं. वरचं सगळं गेलंय. बारीक, धारदार असं काहीच राहिलेलं नाही. किंचाळणारा गायक, गिटार, झांजा... भिंतीमागे काहीतरी घासतंय एवढंच कळतं. जे खालून येतं ते पायांना लागतं, म्हणून संथ बँड. "सना हाक मारते ना, ते दिसतं मला. ओठ हलतात. ऐकू येत नाही." डॉक्टर म्हणाला होता, लूमने कान खाल्ले, आता परत येणार नाहीत. धागा तुटलेला तो आता लूमवर हात ठेवून ओळखायचा. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर तूही सोडले असतेस ते बँड. यादी एकच ना आपली." काल्हेरच्या गोदामांपुढे ट्रकांची रांग लागली होती, बस बराच वेळ तिथेच उभी राहिली.

त्यानंतरही तीन वर्षं आम्ही यादी केली. मी त्याच्या समोर बसायला शिकलो, सावकाश बोलायला शिकलो. पण त्या दिवशी त्याला टाकून गेलो त्याबद्दल मी माफी मागितली नाही. मागू म्हटलं, घाई काय आहे! मित्राची माफी मागायला लाज वाटते हो माणसाला. आणि ऐकू न येणाऱ्याला ती मोठ्याने ओरडून मागायची म्हणजे आणखीच. ती राहिली ती राहिलीच.

गेल्या आठवड्यात टपालात होल्गरचं पाकीट आलं. त्याला अजून कळवलेलं नाही, त्यामुळे वर दोघांची नावं. शुक्रवारी मी कारखान्यावर गेलो. आता शमीमभाभीच सगळं बघतात. त्यांनी चहा आणला, माझ्या हातातलं पाकीट बघितलं आणि म्हणाल्या, "बसा आनंदभाई. टेबल मोकळं करून ठेवलंय." आणि मला एकट्याला सोडून घरात गेल्या. मी पत्रक पसरलं. बाहेर शेळी ओरडत होती. अर्धी यादी पटापट झाली, दोघांच्या आवडीनिवडी मला पाठच आहेत. मग पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेपाच. लहान स्टेजवर व्हर्मिन चॅपल, मोठ्या स्टेजवर आयर्न लिटनी, दोघांनाही पाऊण-पाऊण तास.

किती वेळ बसलो कोण जाणे. एकदा वाटलं, आता त्याला कसली अडचण? आता सगळं ऐकू येत असेल त्याला, वरचंही, बारीकही, लिहून टाकावं व्हर्मिन चॅपल. शमीमभाभींना विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या. पण मी ज्या घरात वाढलो तिथे मेल्यानंतरच्या असल्या गोष्टी कुणी शिकवल्या नाहीत, आणि माझ्या सोयीसाठी आज मानायच्या म्हटलं तरी मला मानता येत नाहीत. मला नजीब माहीत आहे तो एवढाच, चपला काढून बांबूला हात लावून उभा असलेला.

मी आयर्न लिटनी लिहिलं. चपला काढल्या, रांगेच्या त्या टोकापर्यंत, मोठ्या स्टेजपाशी चालत गेलो आणि पूर्ण पाऊण तास तिथे उभा राहिलो.