चार खेचरांचा चार्ज

सहार विमानतळावर आमच्या काळ्या ट्रंकेकडे सगळे वळून वळून बघत होते. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि नंबर, आणि शेजारी आमचे सुभेदार ट्रंकेइतकेच ताठ उभे. मुलाने पत्रात बजावलं होतं की हलकी सुटकेस आणा. सुभेदारांचं म्हणणं, सुटकेस हरवते, ट्रंक हरवत नाही. तसंच झालं. अटलांटाला ट्रंक आली, माझी सुटकेस आली नाही, आणि पहिले दोन दिवस मी सुनेच्या गाऊनमध्ये काढले.

हे अठ्ठावीस वर्षं सैन्याच्या खेचर-तुकडीत होते. डोंगरात जिथे गाडी जात नाही तिथे खेचरांच्या पाठीवरून दारूगोळा, पीठ, रॉकेल पोचवायचं काम. दिवाळीनंतर निवृत्त होऊन साताऱ्याला घरी आले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर घातले. मी प्राथमिक शाळेत शिकवते. दमून घरी आले तर हळद सात नंबरात आणि गूळ एकोणीस नंबरात. मी तोंडाला येईल ते बोलले आणि त्यांना स्वयंपाकघरातून हाकलून दिलं.

तेव्हापासून ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसू लागले. पहाटे साडेचारला उठायचं, दाढी करायची, बूट चढवायचे आणि खुर्चीत बसायचं, ते थेट दिवेलागणीपर्यंत. भांडणारा नवरा परवडतो, पण या बसलेल्या माणसाची मला भीती वाटायला लागली. म्हणून शिरीषने तिकिटं पाठवली तेव्हा मी शाळेची उन्हाळी सुट्टी धरून लगेच निघायचं ठरवलं.

शिरीष, आमचा मुलगा, अटलांटाजवळ अल्फारेटाला राहतो. इंजिनिअर आहे. ओळीने नवी घरं, कातरलेली हिरवळ आणि ती संपली की लगेच कुरणं, लाकडी कुंपणं, घोडे. रस्त्यावर पायी चालणारं माणूस औषधालाही नाही. शिरीषने आम्हाला अटलांटातल्या उंच इमारती दाखवल्या, मॉल दाखवला, आपोआप उघडणारं गॅरेज तर तीनदा दाखवलं. सुभेदार सगळीकडे हात पाठीशी बांधून तपासणीला आल्यासारखे हिंडले. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, इथे खेचरं कुठे असतात? महायुद्धात अमेरिकेहून बोटीने आलेल्या थोराड खेचरांच्या गोष्टी त्यांना त्यांच्या उस्तादाने सांगितल्या होत्या. अमेरिकेत बघण्यासारखं त्यांच्या लेखी तेवढंच होतं. शिरीष म्हणाला, "बाबा, वीकेंडला झू ट्राय करू."

ते वीकेंडपर्यंत थांबणार थोडेच. पहाटे पाचला फिरायला निघाले. इथे पायी चालणारा म्हणजे एक तर गाडी बंद पडलेला, नाही तर डोकं फिरलेला. दोन दिवस पोलिसांनी त्यांना गाडीत घालून घरी आणून सोडलं आणि दोन्ही दिवस त्यांनी पोलिसांना कडक सॅल्यूट ठोकला. तिसऱ्या दिवशी दहा वाजले तरी पत्ता नाही. शिरीष ऑफिसला सुट्टी टाकून गाडी काढतोय, मी देवाला हाक मारतेय.

मैलभरावर एका शेतात ते सापडले. पडका बार्न (लाकडाचा भला मोठा गोठा), समोर चिखल, आणि चिखलात आमचे सुभेदार एका खेचराचा मागचा पाय गुडघ्यांत धरून खूर निरखत होते. कुंपणावर एक दाढीवाला आडदांड माणूस बसून त्यांच्याकडे बघत होता.

"नंबर नाही," ते मला म्हणाले. आवाज घरात कुणी गेल्यासारखा. "चारही खेचरं बिननंबरची आहेत."

सैन्यात प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असतो. बिननंबरचं खेचर म्हणजे यांच्या दृष्टीने बारसंच न झालेलं मूल.

त्या दाढीवाल्याचं नाव डेल. एकोणिसाव्या वर्षी व्हिएतनामच्या लढाईवर गेला होता, आता चाळिशीला टेकलेला. परत आल्यावर नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. काका वारले तेव्हा हे शेत आणि ही चार खेचरं त्याच्या गळ्यात पडली. कुंपणावरून गवत फेकायचं आणि पडवीत जाऊन बसायचं, एवढाच त्याचा दिवस. खेचरांचे खूर वाढून चपलांसारखे वाकडे झाले होते. पडवीत एक खुर्ची होती. ती मी लगेच ओळखली.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी त्या खेचरांचा चार्ज घेतला. सैन्यात माणूस जागा सोडतो तेव्हा सगळ्याची यादी करतो, येणारा एकेक गोष्ट तपासून घेतो, दोघं सह्या करतात, मग जाणारा मोकळा. यांनी ट्रंकेतून फूलस्केप कागद काढला, फौजी इंग्रजीत चार खेचरं, दोरखंड, खरारे, मोडक्या बादल्या असं सगळं त्यांच्या दोषांसकट लिहून काढलं आणि डेलपुढे धरलं. डेलने का कोण जाणे, मुकाट्याने सही केली. शिरीषच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. इथे जॉब करणं इल्लीगल आहे."

"जॉब नाही. चार्ज आहे," सुभेदार म्हणाले आणि ट्रंकेतून खूर तासायची सुरी काढली. ही सुरी ते सुनेच्या घरी पाहुणे म्हणून येताना घेऊन आले होते.

मग रोज पाचला खरारा, सहाला पाणी, सातला खूर. पहिल्या दिवशी डेल नऊला उठला. हे फाटकात घड्याळ हातात धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी डेल पाचला कॉफीचे दोन मग घेऊन हजर. नंबर डागायला लोखंड मिळेना, तेव्हा सून नीताच्या नेलपॉलिशची बाटली गायब झाली आणि चार खेचरांच्या खुरांवर गुलाबी रंगात देवनागरी एक, दोन, तीन, चार उमटले. नीता म्हणाली, तो शेड तिने फक्त लग्नकार्यासाठी ठेवला होता. मी तिची समजूत काढली, पण मला हसू आवरत नव्हतं. कित्येक महिन्यांनी मी हसत होते.

एका शनिवारी शिरीषने मराठी मंडळी जेवायला बोलावली, सात-आठ घरं, डॉक्टर नाही तर इंजिनिअर. ऐन वेळी बर्फ कमी पडला. शिरीष किल्ली शोधेपर्यंत सुभेदार मागच्या दाराने नाहीसे झाले. तासाभराने घरांच्या रांगेतून चार खेचरं एकामागे एक येताना दिसली, प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना दुकानातून आणलेल्या बर्फाच्या पेट्या, पुढे सुभेदार, मागे डेल, दोघांचीही पावलं एका तालात. समोरच्या घरातले गोरे आजोबा हिरवळीवर पाणी मारता मारता सावधान उभे राहिले. पोरं "सो कूल" म्हणत धावली. एक डॉक्टर हातात भज्यांची प्लेट धरून मला म्हणाले, "काकू, काका हे सीरियसली रोज करतात?" मी म्हटलं, बर्फ आजच आणलाय. तेवढ्यात तीन नंबरने शिरीषची नवी गुलाबाची झाडं मुळासकट फस्त केली. बर्फ मात्र एक खडा कमी झाला नाही.

निघायला तीन दिवस उरले तेव्हा मी ट्रंक भरायला काढली. सुभेदार म्हणाले, मला निघता येणार नाही. चार्ज घ्यायला माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. शिरीषने विनवलं, मी भांडले. माझी शाळा सुरू होत होती.

"मग तू जा," ते म्हणाले.

अठ्ठावीस वर्षं मी हेच ऐकलं होतं, तू जा, तू हो पुढे, मी येतो. पण या वेळी येतो म्हणाले नाहीत. मला फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी चालत डेलकडे गेले. माझं इंग्रजी पाचवीच्या पुस्तकापुरतं. मी म्हटलं, तू चार्ज घे. तो नकारार्थी मान हलवत राहिला. मग सावकाश, मला कळेल असं बोलला. लढाईवरून तो विमानाने एकटा आला आणि दुसऱ्या दिवशी आईच्या स्वयंपाकघरात नुसता बसून होता. लोक म्हणायचे, आराम कर. "त्यानंतर कुणी माझ्या हातात काही दिलं नाही," तो म्हणाला. "मी सोडून देणारा माणूस आहे. माझी सही घेऊ नका."

मी त्याला सांगायला लागले की आमच्या यांनाही सैन्याने फाटकाशी हार घालून सोडलं, आणि घरी मीसुद्धा काहीच हातात दिलं नाही, उलट स्वयंपाकघरातून हाकललं. हे बोलता बोलता माझा मलाच राग आला आणि रडू फुटलं. डेलने मला खुर्ची दिली. तीच, पडवीतली. मी नको म्हटलं. मग आम्ही दोघंही उभेच राहिलो. निघताना तो एवढंच म्हणाला, "यादी तरी आणा, बघतो."

निघायच्या दिवशी आम्ही पाचला पोचलो तर डेल आधीच फाटकात. दाढी केलेली, त्यामुळे मी क्षणभर ओळखलं नाही. विमान दुपारचं आणि सुभेदार खेचरांचा एकेक दात मोजून दाखवतायत. शिरीष गाडीत बसून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. शेवटी सहीची वेळ आली. डेलने पेन घेतलं, कागद वाचला, परत वाचला आणि पेन खाली ठेवलं. तो उठून तीन नंबरपाशी गेला, त्याचा कान हातात धरला आणि म्हणाला, "इथे डावा कान फाटका लिहिलाय. फाटका उजवा आहे."

सुभेदारांनी चष्मा लावला, कान पाहिला, कागद पाहिला. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या यादीत चूक निघाल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी 'डावा' खोडून 'उजवा' लिहिलं, डेलला सही करायला लावली आणि मला मराठीत म्हणाले, "चल. योग्य माणूस मिळाला." गाडीत ते मागे वळून बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि अंगाला खेचरांचा वास होता. वास मुंबईपर्यंत टिकला.

साताऱ्याला परतल्यावर पहिल्याच पहाटे ते बूट चढवून खुर्चीकडे निघाले. मी त्यांना थांबवलं आणि फूलस्केप कागद पुढे केला. तो मी विमानातच लिहून ठेवला होता. सकाळच्या चहाचा चार्ज: शेगडी एक, पातेलं एक, कपबशा सहा, साखर-चहाचे डबे दोन, गाळणी एक, सुस्थितीत.

त्यांनी तो उभ्यानेच वाचला. मग स्वयंपाकघरात गेले, कपबशा मोजल्या, डबे उघडून पाहिले, गाळणी उजेडात धरली. "फाटकी आहे," ते म्हणाले, 'सुस्थितीत' खोडलं, 'फाटकी' लिहिलं आणि पूर्ण नावाने, हुद्द्यासकट सही केली. ते मी चुकून लिहिलं होतं की मुद्दाम, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता रोज साडेचारला चहा होतो. साडेचारला मला चहा नको असतो. मी उठते आणि पिते.